रबराचा राक्षस आणि करकरणारा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, पण माझ्या मागे घर नाही. मला ढकलून कोणी आत येत नाही की बाहेर जात नाही. माझे काम एकच, आवाज करण्याचे.

माझा जन्म बॉर्नहोल्म बेटावरचा. हेरिंग माशांना धुरी देण्याच्या एका बुटक्या खोलीला सुताराने मला बसवले. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने माझ्या बिजागऱ्या गंजल्या आणि मी करकरू लागलो. मालकीण माझ्या नावाने बोटे मोडी. एका उन्हाळ्यात बोडिलबाई तिथे मासे घ्यायला आल्या आणि मासे विसरून मलाच उघडत-मिटत उभ्या राहिल्या. कोपनहेगनजवळच्या एका लहान स्टुडिओत त्या चित्रपटांसाठी आवाज तयार करीत. मालकिणीला नवाकोरा दरवाजा बसवून देऊन त्यांनी मला सोबत नेले, कापून कमरेएवढे केले आणि एका चौकटीत उभे केले.

त्यांच्या खोलीत मी तेरा वर्षे सुखात काढली. पडद्यावर हाड मोडले की बाई गाजर मोडत. पाखरू उडाले की चामड्याचे हातमोजे फडफडवत. दारू पिऊन चोरपावलांनी घरी येणाऱ्या नवऱ्यासाठी मी करकरलो की थिएटरात हशा पिके. मला माझ्या आवाजाचा अभिमान वाटे.

मग प्रेबेन आला. हा तरुण दिग्दर्शक, आणि भयपट हा त्याचा पहिलाच मोठा चित्रपट. दीपगृहात एकटी राहणारी बाई आणि समुद्रातून तिच्याकडे येणारे काहीतरी, अशी त्याची गोष्ट होती. त्या ‘काहीतरी’साठी त्याच्या सासूबाईंनी, आस्ताबाईंनी, सात महिने खपून सायकलच्या ट्यूबांचा एक राक्षस शिवला होता. प्रेबेनला तो राक्षस जिवापाड आवडे. आणि त्याला मीही आवडे. इतका, की चित्रपटात त्याने मला एकोणीस वेळा करकरायला लावले.

“पाच-सहा वेळा झालं की लोकांचे कान मरतात,” बोडिलबाई म्हणाल्या.

“जितकं जास्त तितकी भीती जास्त,” प्रेबेन म्हणाला.

बाईंनी खांदे उडवले आणि मला एकोणीस वेळा उघडले.

स्वेनबोर्ग गावात पहिला खेळ झाला. दुसऱ्या दिवशी प्रेबेन आमच्या खोलीत येऊन खाली मान घालून बसला. बाईंनी कॉफी पुढे केली. ती तशीच निवत राहिली.

“हसले,” तो म्हणाला. “सगळं थिएटर हसलं. राक्षस पाण्यातून वर आला आणि त्याच्या मानेवर ट्यूबचा वॉल्व दिसला. मागून कोणीतरी ओरडलं, ‘हवा कमी झालीय, पंप आणा.’ त्यानंतर काही ऐकूच आलं नाही.”

“आणि दरवाजा?”

“चौथ्या वेळेपासून पोरं तोंडाने करकरायला लागली. दरवाजाच्या आधीच.”

मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा माशांच्या धुरात जावेसे वाटले.

पुढची बातमी त्याहून वाईट होती. चित्रपट विकणाऱ्या वितरकाला तो हशा फार आवडला होता. ‘वर्षातला सर्वांत विनोदी चित्रपट’ अशी जाहिरात छापायची, असे त्याने ठरवले. प्रेबेनने गयावया करून सोळा दिवसांची मुदत मिळवली. तेवढ्या दिवसांत लोक घाबरले तर ठीक, नाहीतर जन्मभर तो पंपवाला दिग्दर्शक म्हणूनच ओळखला जाणार होता.

“काय करू ते सांगा,” तो म्हणाला.

“राक्षस काढून टाक,” बोडिलबाई म्हणाल्या.

“कुठल्या प्रसंगातून?”

“सगळ्याच. अरे, समोर दिसला की लोक त्याची शिवण बघतात. दिसलाच नाही तर ज्याचा त्याचा राक्षस ज्याच्या त्याच्या डोक्यात येतो. त्याला वॉल्व नसतो.”

“आणि सासूबाईंना काय सांगू?”

सांगावे लागलेच. आस्ताबाई स्वतः रायब्रेड नावाचा काळा पाव आणि खारवलेल्या हेरिंगची बरणी घेऊन स्टुडिओत आल्या. प्रेबेन चाचरत बोलला.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशी सगळ्यांत आधी मीच हसले. सात महिने मांडीवर घेऊन शिवलाय मी त्याला, तरी हसू आवरलं नाही. तुमच्या भीतीने रुमाल तोंडात कोंबून बसले होते. काढा त्याला. मी त्याच्या पिशव्या शिवीन.”

प्रेबेन कितीतरी दिवसांनी हसला आणि कात्री घेऊन कामाला लागला.

राक्षस गेला. माझे अठरा आवाजही गेले. उरला एकच, अगदी शेवटचा, आणि तो नव्याने ध्वनिमुद्रित करायचा होता. पण त्या गडबडीत मला बाहेर कोळशाच्या पेटीपाशी ठेवले होते. तिथे नवीन पहारेकरी ओलुफ याने मला पाहिले. भला माणूस. त्याला माझी दया आली आणि त्याने माझ्या बिजागऱ्यांना पोटभर तेल पाजले.

सकाळी बोडिलबाईंनी मला उघडले. मी उघडलो. आवाज नाही. त्यांनी पुन्हा उघडले. लोणी कापावे तसा मी गुपचूप फिरलो. मी मुका झालो होतो.

“मला वाटलं, बिचारा किती कुरकुरतोय,” ओलुफ टोपी हातात धरून म्हणाला.

बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी पेट्रोलने माझे तेल पुसले आणि मग आस्ताबाईंच्या हेरिंगच्या बरणीतले खारे पाणी बिजागऱ्यांवर ओतले. रोज सकाळी ओलुफ स्वतः येऊन ते पाणी घाली आणि कान लावून बसे. पाच दिवस काहीच नाही. मुदतीतले चारच दिवस उरले. सहाव्या दिवशी बाईंनी मला हळूच ढकलले, आणि माझ्यातून एक आवाज आला. पूर्वीचा नव्हे. खोल, दमलेला, मध्येच श्वास रोखून धरणारा.

“आता कोणी हलू नका,” बाई पुटपुटल्या आणि त्यांनी ध्वनियंत्र सुरू केले. एकाच खेपेत काम झाले.

दुसरा खेळ त्याच स्वेनबोर्गच्या थिएटरात झाला. जूनमधला रविवार, दुपारचे दोन. जाहिरातीसाठी मला प्रवेशदालनात उभे केले होते. आत शिरणारी पोरे मला टपल्या मारून तोंडाने करकरत होती. कोणी तर सायकलचा पंपही आणला होता.

आतला खेळ मला फक्त ऐकू येत होता. सुरुवातीला कुजबुज, खिदळणे, कागदी पुड्यांची सळसळ. हळूहळू सळसळ थांबली. मग खोकलेही थांबले. पडद्यावरची बाई जिना चढत होती, तिचे पाऊल तेवढे वाजत होते. मग तेही थांबले. त्या शांततेत माझा आवाज आला, एकदाच.

चारशे माणसांनी एकदम श्वास घेतला. मी तो भिंतीपलीकडून ऐकला. पंप जमिनीवर पडल्याचाही आवाज आला, पण हसले कोणी नाही.

चित्रपट संपला. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. आधी बराच वेळ कोणी जागचे हललेच नाही, आणि मग त्या अशा कोसळल्या की माझी चौकट थरथरली. वितरक घाम पुसत बाहेर आला आणि विनोदी जाहिरातींचा गठ्ठा त्याने स्वतःच उचलून कचऱ्यात टाकला.

मित्रांनो, आज मी चित्रपट शिकवणाऱ्या एका शाळेत असतो. मुले मला हात लावतात आणि विचारतात, खरी भीती कशाने वाटते? मी करकरतो, तेवढेच. पण तुम्हाला एक विनंती आहे. एखादी जुनी वस्तू कुरकुरत असेल तर ती दुरुस्त करण्याआधी तिच्या माणसाला जरूर विचारा. तिची खोड म्हणजेच तिचे काम असू शकते.

त्या दुपारचे शेवटचे तेवढे सांगायचे राहिले. प्रेक्षक दालनात आले. बाहेर लख्ख ऊन होते, समोर आइस्क्रीमची गाडी उभी होती. तरी थिएटरचे बाहेरचे दार ढकलायला कोणी पुढे होईना. गर्दीच्या पुढे आस्ताबाई होत्या. आत राक्षस नाही, त्याच्या पिशव्या झाल्या, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्यांनी दाराकडे पाहिले, पदर सावरावा तसा अंगावरचा कोट सावरला आणि त्या बाजूला सरकल्या.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “आधी तुम्ही.”