प्रिय अहो

मी एक जुनी रिकामी जागा आहे. मित्रांनो, उगाच हुरळू नका. बर्लिनमध्ये रिकामी जागा म्हटलं की लोक पगाराचे कागद घेऊन जिन्यापर्यंत रांग लावतात. पण माझ्यात राहता येत नाही. दोन महिरपी कंस आणि मध्ये 'नाव' हा शब्द, एवढाच माझा संसार. जाहिरातीच्या ईमेलमध्ये 'प्रिय'च्या पुढे मी उभी असते. मेल निघाला की यादीतलं ज्याचं त्याचं नाव माझ्यात येऊन बसतं.

मला सिद्धांतने बनवलं. तो इथून जर्मनीभर भाजणी आणि मेतकूट पाठवतो. माझ्यामुळे ग्राहकांना जिव्हाळा वाटतो, असं तो पूर्वी चारचौघांत सांगायचा. हजारोंना एकाच मिनिटात जिव्हाळा वाटताना माझी पाठ किती दुखते, हे त्याने कधी विचारलं नाही. लोकही नोंदणी करताना नावाच्या रकान्यात काय वाटेल ते भरतात. "प्रिय कशाला हवंय, तुमच्यासाठी खास भाजणी!" हेही मी निमूटपणे म्हटलं आहे. एकदा यादी जोडायचीच राहिली आणि मी कंसांसकट सगळ्यांच्या घरी पोचले. आयुष्यात एकदाच माझं स्वतःचं नाव छापून आलं. लगेच माफीचा मेल गेला.

म्युनिकच्या लीलाबाईंनी आपल्या यजमानांची नोंदणी केली. नवऱ्याचं नाव घ्यायची त्यांना सवय नव्हती. नावाच्या रकान्यात त्यांनी 'अहो' लिहिलं. तेव्हापासून दर शुक्रवारी मी म्हणू लागले, "प्रिय अहो, भाजणी संपत आली असेल ना?"

काही वर्षांनी सिद्धांतने यादी साफ करायला काढली. नवीनच कामाला लागलेल्या कौमुदीने पार्सलवरचं नाव पाहून 'अहो' पुसलं आणि 'सुदाम' लिहिलं. शुक्रवारी मेल गेला. सोमवारी सुदामकाकांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर ठेवला.

"बाळ, माझं नाव चुकलंय."

"काका, सुदाम तुम्हीच ना?"

"ते पोस्टमनसाठी. नातवंडं ओपा म्हणतात. शेजाऱ्यांचं श्रीयुत म्हणजे 'हेर', म्हणून मी 'हेर खरात', जसा काही मी गुप्त बातम्याच काढतो. 'अहो' म्हणणारी गेल्या चैत्रात गेली. तेवढं शुक्रवारी यायचं, तेही तुम्ही दुरुस्त केलंत."

सिद्धांत मागून म्हणाला, आल्झो, म्हणजे कसं की, 'अहो' हे काही नाव नव्हे, साफ केलेली यादी पुन्हा घाण करायची नाही. काकांनी ते ऐकलं.

"चुकीची माहिती दुरुस्त करून मागायचा मला हक्क आहे," ते शांतपणे म्हणाले. "डाटेनशुट्झ."

माहितीच्या गोपनीयतेचा हा कायदा. या देशात तो शब्द ऐकला की धडधाकट माणूसही खाली बसतो. सिद्धांत बसला. कौमुदीची नोकरी अजून कच्ची होती, तरी त्याला न विचारता तिने 'सुदाम' खोडलं आणि पुन्हा 'अहो' लिहिलं.

मित्रांनो, मी थकले आहे. फार मागत नाही. कुणाचं नाव चुकीचं वाटलं तर पुसण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा.

परवाच्या शुक्रवारी माझ्या भाजणीच्या प्रश्नाला काकांचं उत्तर आलं. आमच्या पत्त्यावर आलेली उत्तरं कुणी वाचत नाही. मी वाचलं.

"आहे अजून थोडी. तू दमली असशील, बस जरा."