कोरडं फडकं

आमच्या अंगणात एवढी माणसं माझ्या लग्नालाही जमली नव्हती. ऐन ऑक्टोबरात नीलमोहरांच्या फुलांनी सगळं ग्वेरू शहर जांभळं झालेलं, आणि आमच्या नीलमोहराला एक फूल नाही, पानंही पिवळी. ही करणी कुणाची, ते सांगायला साक्षात गुम्बोबाबा आले होते. झग्याच्या बाह्या लांब, जीभ त्याहून लांब!

"या झाडाखाली तुमच्या घराचा नाश पुरलाय!" बाबा गरजले. गुडघे टेकून त्यांनी दोन्ही हात बुंध्याशी मातीत खुपसले आणि लाल फडक्यात गुंडाळलेलं एक शिंग बाहेर काढलं. बायका किंचाळल्या.

"दहा वर्षं पुरलंय हे! रोप कुणी दिलं होतं?"

सगळे न्येम्बाआजींकडे वळले. शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या. माझी मुलगी चिएद्झा त्यांच्याच हातांवर जन्मली आणि त्याच दिवशी त्यांनी हे रोप दिलं. आता लोक त्यांना आजच गल्लीबाहेर काढायला निघाले होते आणि मी गप्प उभा होतो. त्याची मला अजून लाज वाटते.

शाळेतल्या सेकाईबाई मात्र पुढे झाल्या आणि आमच्या रीतीप्रमाणे माझ्या बायकोला मुलीच्या नावाने हाक मारून म्हणाल्या, "माई चिएद्झा, कपडे धुतलेलं पाणी कुठं ओतता हो?"

"झाडालाच की! आजही ओतलंय," माझी बायको ठसक्यात म्हणाली. "रोज अंगण लख्ख झाडते, माती बुंध्याशी लावते. असं अंगण दाखवा गल्लीत!"

"मग बाबा, रोजच्या ओल्या मातीत तुमचं फडकं कोरडं कसं?"

फडकं हातोहात फिरलं. त्यावरची इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती!

तेव्हा कुठे मी पुढे झालो. मी बाबांची बाही धरून झटकली. आणखी दोन शिंगं पडली, बहुधा पुढच्या दोन घरांची. बाबा असे पळाले की दक्षिणा म्हणून मिळालेली बकरीही विसरले.

बाईंनी कुदळ घेऊन बुंध्याची माती ओढली. हातभर खाली साल कुजलेली, साबणाचा वास येणारी.

"करणी तुमच्या झाडूची आहे, माई. बुंधा मोकळा ठेवा, साबणाचं पाणी बंद करा. जगेल."

बायको आजींपुढे गुडघ्यांवर बसली. आजी एवढंच म्हणाल्या, "पोरी, इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलीस, आणि विश्वास फडक्यावर ठेवलास?"

दुसऱ्या वर्षी नीलमोहर फुलला. खालची फुलं बायको झाडत नाही, फक्त तिथून जाताना तो पसारा दिसू नये म्हणून डोळे मिटून घेते. तुमच्याकडे असे बाबा आले, तर शेजारणीकडे बोट दाखवण्याआधी माती चाचपून बघा. आम्ही बघितली नसती, तर आजींचं घर आज रिकामं असतं.