कर्नलाच्या वस्तऱ्याचं पातं

चर्चमध्ये एखाद्या संताचं हाड ठेवतात तसा पोलिक्सेनीमावशीने तो वस्तरा माझ्या दुकानातल्या टेबलावर ठेवला.

"कर्नलाचा आहे," ती म्हणाली. "जपून हाताळ."

जपण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वी तिच्या मुलाच्या, स्टेर्गोसच्या लग्नात करवल्याने या वस्तऱ्याने नवरदेवाची दाढी केली, वर त्सिपुरोची दारू ढोसली आणि वस्तरा ओलाच डबीत कोंबला, तो गंजून गेला. ग्रीसमधल्या आमच्या कोनित्सात प्रत्येक लग्नात असं एक तरी गाढव निघतं. वस्तरा ओला ठेवणाऱ्याला धरून मला एकदा दोरीवर वाळत घालायचंय.

त्या वस्तऱ्याची कथा गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. चाळीस सालच्या हिवाळ्यात इटालियन फौज डोंगर चढून आली, तेव्हा मावशीच्या सासऱ्याने एका कर्नलाला पळवून लावलं आणि त्याचा वस्तरा उचलून आणला. काळ्या शिंगाची मूठ, तिच्यावर कोरलेला गरुड. तेव्हापासून त्या घरातला प्रत्येक नवरदेव लग्नाच्या सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतो, क्लॅरिनेट वाजतं आणि करवला याच वस्तऱ्याने त्याची दाढी करतो. ज्याची दाढी या वस्तऱ्याने झाली त्याचा संसार मोडत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय?

फक्त एकाचा मोडला. मावशीचा नवरा झिसीस लग्नानंतर तीन वर्षांनी जर्मनीत कारखान्यात गेला आणि तिकडच्याच एका बाईच्या घरी राहिला. मग सासू आणि नणंद देस्पो, दोघींनी मिळून निकाल लावला: वस्तरा कधी चुकत नाही, म्हणजे सून पांढऱ्या पायाची. सासू केव्हाच गेली. देस्पो नव्वदीची झाली तरी जिभेची धार काही बोथट झाली नाही.

"रविवारी थेमिसचं लग्न आहे," मावशी म्हणाली. थेमिस तिचा नातू. "वस्तरा असा कर की त्याला नावं ठेवायला कोणाला जागा राहू नये. माझं आयुष्य गेलं ऐकण्यात. त्या नव्या पोरीला ऐकावं लागलं तर मी देस्पोचा गळा धरीन."

"धर की, मावशी. वस्तरा मीच देईन."

"तुझा बाप असला अघळपघळ बोलत नव्हता हो, स्टाथिस."

हे मी रोजच ऐकतो. माझे बाबा, मिल्टोस न्हावी. त्यांचा हात म्हणे कधी थरथरला नाही. माझ्याकडे दाढी करायला बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा डोळे मिटून त्यांचीच आठवण काढतं.

तीन दिवस पातं तेलात भिजवलं, बारीक पॉलिश पेपरने घासलं, पुन्हा भिजवलं. गंज सुटायला लागला तसं खालचं पोलाद दिसलं, आणि चांगलं दिसलं. पण गंज मुठीच्या आतही शिरला होता, म्हणून खिळा काढून मूठ उघडावी लागली.

पात्याचा जो भाग मुठीखाली झाकलेला असतो, तिथे अक्षरं होती. कापूर घातलेल्या तेलाने पुसली, चष्मा बदलला आणि वाचली. 'पश्चिम जर्मनी'.

आता मी काही प्रोफेसर नाही, पण चाळीस साली जर्मनीचे दोन तुकडे झालेले नव्हते, एवढं मलाही कळतं. ते पातं त्या कर्नलाने बघितलंसुद्धा नव्हतं.

मग मुठीची आतली बाजू बघितली. बाबांना सवय होती, दुरुस्तीला आलेल्या वस्तऱ्याच्या मुठीत आतून सुईने खूण करायची: नावाचं अक्षर, महिना, साल आणि काय केलं ते. तिथे त्यांच्या कोंबडीपायी अक्षरात कोरलेलं होतं: 'मि., ऑक्टोबर १९६१, पातं नवं.'

एकसष्टचा ऑक्टोबर म्हणजे पोलिक्सेनीमावशीच्या लग्नाचा महिना. वस्तरा धार लावायला दुकानात आला असणार आणि बाबांच्या हातून फरशीवर पडला असणार. पडला की पात्याचा तुकडा उडतोच. माझ्या हातून असे तीन गेलेत, पण मी गिऱ्हाइकाला शिव्या खात सांगितलं तरी. बाबांनी कर्नलाच्या मुठीत दुकानातलं पातं बसवलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. पुढे ही बाई पन्नास-साठ वर्षं बोलणी खात होती आणि ते रोज सकाळी तिला नमस्कार करत होते. मला त्यांचा असा राग आला की त्यांचा भिंतीवरचा फोटो काढून टॉवेलांच्या कपाटात ठेवला.

खरं सांगतो, अक्षरं घासून टाकायचा मोह झाला. चार हात पॉलिश पेपर मारला असता तर काम फत्ते, बाबांची अब्रू शाबूत. पेपर हातात घेतलाही होता. मग वाटलं, बाबा मेलेत, त्यांना आता कोण काय बोलणार. ती बाई जिवंत आहे.

शनिवारी मावशीला बोलावून सगळं दाखवलं. तिने पातं उजेडात धरून एकेक अक्षर बोटाने चाचपलं. मला वाटलं आता चप्पल काढते.

"हेच उद्या अंगणात सांगशील?" तिने विचारलं. "देस्पोसमोर?"

"सांगेन. बाबांचं नाव जाईल, जाऊ दे."

रविवारी थेमिस तोंडाला फेस लावून खुर्चीत बसला होता. मी क्लॅरिनेटवाल्याला थांबवलं आणि सांगितलं. मूठ उघडून खूण दाखवली. म्हाताऱ्यांनी माझ्या बापाच्या नावाने जे काही म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. मी मान खाली घालून ऐकलं.

देस्पो मात्र लगेच सावरली. "बघा," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या भावाची दाढी खोट्या वस्तऱ्याने झाली. तिथेच घात झाला. बिचारा झिसीस."

"याच पात्याने माझ्या स्टेर्गोसची दाढी झाली, वन्सं," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही. "बत्तीस वर्षं झाली. तो बघा, बायकोची पर्स धरून उभा आहे. पात्यात खोट नव्हती. मग कोणात होती?"

अंगणात सगळे देस्पोकडे बघत होते, तिच्या स्वतःच्या पोरीसुद्धा.

"माझ्यात होती का, वन्सं? आज सांगून टाका."

म्हातारीने हातातल्या रुमालाची दोनदा घडी घातली, दोनदा मोडली. "त्या बाईच्या घरी तो आपल्या पायांनी गेला," ती शेवटी म्हणाली. "त्याला कोणी पाठवलं नव्हतं."

मावशी तिथेच पायरीवर बसली आणि हाताशी रुमाल नाही म्हणून माझ्या टॉवेलात तोंड घालून रडली. थेमिसच्या गालावरचा फेस वाळून गेला. मी नवा लावला.