खाली माणूस हाय

मुंजाजीनं लेकीच्या कमरेला दोराची गाठ मारली, ओढून पाहिली, सोडली आणि पुन्हा मारली.

"पाच मिनिटं," सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव म्हणाले. "पिल्लं मोज, फोटो काढ अन् वर ये."

सत्यभामा कोरड्या विहिरीत उतरू लागली. दुष्काळाचं तिसरं वर्ष. गाळ काढायचा ठराव सोसायटीत झाला होता. त्याआधी गंधकाचा धूर करून वटवाघळं संपवायची. गावात ताप आला तोही त्यांच्यामुळंच, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. तिच्या दोन मैत्रिणी वनखात्याच्या माणसाला आणायला वडवणीला गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत सत्यभामाला वर जायचं नव्हतं. हे तिनं बापालाही सांगितलं नव्हतं.

कपारीत शेकडो वटवाघळं लटकत होती. आयांच्या पोटाला चिकटलेली उघडी पिल्लं. तिनं मोबाइलचा उजेड बंद केला.

"झालं का?" वरून अर्जुनरावांनी विचारलं.

"दीड महिना थांबा, काका." तिचा आवाज चिरकला. "पिल्लं उडू द्या. कापसावर अळीची अंडी घालनारे पतंग हीच खातेत."

वर हसू पिकलं. "मुंजाजी, सोयऱ्यायला काय सांगशील बे?" सोसायटीच्या गहिनीनाथ शिपायाचा आवाज. "पोरगी वटवाघळाची सुईन हाय म्हनून?"

"वढ तिला वर," अर्जुनराव म्हणाले.

दोर ताणला गेला. तिनं दगड कवटाळला. दोर सैल पडला.

"खाली माणूस हाय," बाप म्हणाला. विहिरी खोदायचा तेव्हा तो एवढंच म्हणायचा. मग सुरुंगाची वात कुणी पेटवत नसे.

"नाटक हाय तिचं," अर्जुनराव म्हणाले. "जरा धूर लागू दे, येती आपोआप."

"खाली माणूस हाय."

झटापट ऐकू आली. खडे पडले. मग अख्खा दोर तिच्या खांद्यावर येऊन कोसळला. गंधकाचं पोतं काठाशी ओढल्याचा आवाज आला. तिनं ओढणी तोंडावर दाबली.

भिंतीतून माती सुटली. एक अनवाणी पाय खोबण चाचपत होता. मुंजाजी डोळे मिटून, दोराशिवाय उतरत होता. वटवाघळांच्या भीतीनं दिवस मावळल्यावर या विहिरीकडं तो कधी फिरकत नसे.

"चौघांनी हात धरले," तो म्हणाला. "वर ऱ्हाऊन जमंना."

कपारीकडं त्यानं एकदाच पाहिलं. टॉवेल डोक्यावरून घेतला आणि तिला खेटून बसला. वर कुणी काडी ओढली नाही.

"किती दिवस म्हनलीस?"

"दीड महिना."

"हळू बोल," तो कुजबुजला. "उठतेल ती."