निशाण कोणाच्या घराकडं वळलं

धूर तिकडं अन् निशाण इकडं! अख्ख्या गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या चिमणीचा धूर सरळ दक्षिणेला चालला होता. पारासमोरून धावत गेलेल्या बंडीवरचं झेंडेवाल्या बावाजीचं शेंदरी निशाण मात्र धुराला न जुमानता नैर्ऋत्येला वळलं होतं, बोट दाखवल्यासारखं ताठ. लोकांनी अशी आरोळी ठोकली की पिंपळावरचे कावळे घाबरून लोधीखेड्याला गेले आणि म्हणे आठवडाभर परतलेच नाहीत.

"पाहा मंडळी!" बावाजी बंडीवरून गरजला. "धूर वाऱ्याचा गुलाम, निशाण देवीचं! सरकारनं सीमा फिरवली. नागपूर पल्याड टाकलं, भोपाळ गळ्यात बांधलं. देवीले कोणी पुसलं काय? कोपली! पण वैरीण कोण ते सांगून राहिली, बाप्पा!"

छप्पन सालचा नोव्हेंबर होता, राज्यांची नवी वाटणी नुकतीच झाली होती. बोरगावापलीकडच्या त्या गावात गोवराने तीन लेकरं गेली होती, पाच अंथरुणाला खिळली होती. करणी कोणाची, ते निशाण तीनदा सांगणार होतं. तिन्ही वेळा एकच घर निघालं तर त्या घरच्या बाईचं डोकं भादरून तिला गावाबाहेर काढायचं ठरलं होतं. सोमवारी नैर्ऋत्येचं अंबाबाईचं घर निघालं. आज बुधवारी पुन्हा तेच. राहिला शुक्रवार.

आणि बंडी हाकणारा गुणवंता हा अंबाबाईचाच लेक.

शंकरपटाच्या शर्यतीत त्याच्या जोडीला तोड नव्हती. बैल स्वतःच्या सावलीच्या पुढे पळतात, अशी ख्याती होती. म्हणून तर बावाजीने त्याला निवडलं. देवीचं काम म्हणून गुणवंता पहिल्या दिवशी ऐटीत बसला होता. आता त्याला कासऱ्याला हात लावायची भीती वाटत होती.

घरी माय गाठोडं बांधत होती.

"माय, हे काय करून राहिली?"

"लुगडं अन् पितळी बांधून ठेवतो. केस भादरल्यावर हात कापतीन, गाठ बसाची नाही."

"त्या बावाजीचं तू बिघडवलं तरी काय?"

"त्याच्या अंगाऱ्याले जिनच्या कोळशाची राख म्हणलं. चारचौघांत म्हणलं."

"माय, खरं सांग. तू काही केलं तर नाही ना?"

अंबाबाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा गाठ मारायला घेतली. गुणवंताला वाटलं, जमीन फाटली तर बरं होईल.

शुक्रवारी सकाळी तो सौंसरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या श्रीधर गुरुजींच्या दारात बसला होता. "गुरुजी, मायले चार महिने लपवाले जागा द्या. पाया पडतो."

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बंडी कोणीकडे धावते?"

"सडकेनं, पूर्वेकडं."

"आणि उभी असली की निशाण कोणीकडे असतं?"

गुणवंता अडखळला. "धुरासंगं. पण तवा देवी आलेली नसते म्हणते."

"बैल थांबले की देवीही थांबते वाटतं!" गुरुजी हसले, पण समोरचा चेहरा पाहून लगेच गप्प झाले. त्यांनी त्याची बैल हाकायची पराणी घेतली आणि अंगणातल्या धुळीत बाण काढला. "हा खरा वारा, दक्षिणेकडे जाणारा. वारा पडलेला असला तरी मी सायकलवर निघालो की तोंडावर वारा येतो ना? तसा तुझी बंडी पूर्वेकडे धावली की बंडीवरच्याला आणखी एक वारा लागतो, पश्चिमेकडे जाणारा. पहिल्या बाणाच्या टोकापासून तो काढ."

गुणवंताने काढला.

"आता पहिल्याच्या बुडापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत रेघ ओढ. निशाण त्या रेघेवर उडतं."

रेघ नैर्ऋत्येला गेली. गुणवंता रेघेवर वाकला. "बैल जोरात हाणले तर हा दुसरा बाण लांबते?"

"बरोबर."

"मग निशाण अजून मांगं जाईन. पश्चिमेच्या वच्छलाच्या घराकडं! अन् हळू हाकली तर दक्षिणेच्या विहिरीकडं!" तो ताडकन उठला. "गुरुजी, तो माह्या पाठीत बोट टोचते! एक टोचलं का दुडकी, दोन टोचले का भरधाव. माह्या बैलाच्या पायानं माह्याच मायचं घर निवडून राहिला!"

"त्याचा मुक्काम कुठे आहे?"

"पुंडलिकराव पाटलाच्या संत्र्याच्या बगीच्यात, राहुटीत. पारापासून आग्नेयेला."

गुरुजींनी दुसरा बाण पुसला, तेवढाच लांब पण उलटा काढला आणि नवी रेघ ओढली. ती आग्नेयेला गेली.

"वारा फिरला तर?" गुणवंताने घाबरून विचारलं.

"तर बाणही फिरेल. म्हणून धुरावर नजर ठेव."

दुपारी पारावर मुंगीला जागा नव्हती. न्हाव्याला आधीच बसवून ठेवलं होतं. गुणवंताने बंडी सडकेच्या पूर्वेच्या टोकाला उभी केली.

"तिकडून काऊन बे?" बावाजी खेकसला.

"देवीले काय दिशा, बावाजी? तिले सगळीकडून दिसते."

"बरोबर आहे!" लोक ओरडले. बावाजीला चढावंच लागलं.

बंडी पश्चिमेकडे निघाली. गुणवंताने एकदा धुराकडे पाहिलं. धूर अजून दक्षिणेलाच होता. पाठीत बोट टोचलं. मग दोनदा, मग पाचदा. त्याने बुधवारचीच दुडकी धरली आणि सोडली नाही. पार आला. निशाण वळलं आणि थेट आग्नेयेला, बावाजीच्याच राहुटीकडे ताठ झालं.

एवढ्या गर्दीच्या माना राहुटीकडे वळल्या.

"थांबव बे, थांबव!" बावाजी ओरडला.

गुणवंताने कासरा ओढला. बंडी थांबली आणि निशाण मुकाट्याने धुराच्या रांगेत गेलं.

"देवी रुसली..." बावाजी पुटपुटला.

"मग दुसऱ्या कोणाला तरी बसवून पाहू," सायकल टेकवत श्रीधर गुरुजी म्हणाले.

देवकाबाई पुढे आली. गेलेल्या तीन लेकरांत तिची सुमी होती आणि अंबाबाईला पहिली शिवी तिनेच दिली होती. निशाण हातात घेऊन ती बंडीत बसली. पूर्वेकडे गेली तेव्हा अंबाबाईचं घर निघालं. पश्चिमेकडे आली तेव्हा बावाजीची राहुटी. बैल हळू चालले तेव्हा विहीर. पारावर गुरुजींनी कोळशाने तेच बाण काढून दाखवले. वारा दक्षिणेला जात असेतो बंडी कशीही हाकली तरी निशाण उत्तरेकडच्या पाटलाच्या वाड्यावर येत नाही, तेही सांगितलं. तोवर बावाजी राहुटी आवरायला पळाला होता.

देवकाबाई बंडीतून उतरली नाही. "मंग माही सुमी कायनं गेली, गुरुजी?"

गुरुजी बंडीजवळ आले. "गोवरानं, बाई. गोवरानंतर छातीत कफ भरतो, त्यावर सौंसरच्या दवाखान्यात औषध आहे. मंडळी, निशाण कुठं वळतं ते पाहताना धरणारा कुठं चालला तेही पाहत जा. उलटं हाकून पाहा, थांबवून पाहा. जी गोष्ट तुम्हाला तपासू देत नाहीत, तिच्यासाठी कोणाच्या डोक्यावर वस्तरा धरू नका. पाच दिवस आपण घर शोधत बसलो. ही बंडी तेव्हाच दवाखान्यात जायला हवी होती."

मग एकेक करून पाच लेकरं गोधड्यांत गुंडाळून बंडीत आली. देवकाबाईच्या धाकट्याचा श्वास वाजत होता. त्याला पोटाशी धरून तिने अंबाबाईला हाताला धरून वर ओढून घेतलं, शेजारी बसवलं, आणि तिच्याकडे न पाहता म्हणाली, "चाल गुणवंता. आता हाण किती हाणाची ते."