दारातल्या बाईचा आवाज

माझ्या आवाजाला आजवर पुष्कळ लेकरं झाली. पडद्यावर कुणाचीही आई रडो, ओरडो, मरायला टेको, आवाज माझा. मालिका दुसऱ्या भाषेतून आपल्या भाषेत आणायची असो की एखाद्या नटीचा घसा बसलेला असो, डबिंगवाले मलाच बोलावतात. एकदा कार्टूनमधल्या कोंबडीची आई झाले होते, तेव्हा घरी फोनवरसुद्धा फडफडायला लागले होते. पोटची मात्र एकही नाही. जी एक मुलगी आहे ती दत्तक घेतलेली, आणि मी आता सांगतेय तो सिनेमा तिनेच काढलाय.

सिनेमा विनोदी आहे, असं तिचं म्हणणं. दत्तक गेलेली एक मुलगी आपल्या जन्माच्या आईबापांना शोधायला निघते. आपले दात पुढे आहेत एवढ्या पुराव्यावर ती तसेच दात असलेल्या एका जोडप्याकडे जाऊन, रडून, जेवून येते, आणि मग कळतं की दोघांच्याही कवळ्या आहेत. तिला वाढवणारी आई काळा चष्मा लावून, हातात डबा घेऊन तिच्या मागेमागे फिरते. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय. त्या आईचं काम एका नावाजलेल्या बाईंनी केलंय, आवाजही त्यांचाच. माझ्या वाट्याला आली ती शेवटी दार उघडणारी, जन्म देणारी बाई. ते काम करणारीचा चेहरा माझ्या पोरीला हवा तसा सापडला, पण आवाज अगदी शाळकरी. मग काय, घरात आई बसलीच आहे, चल आई.

संवादांचे कागद हातात आले तेव्हाच मी तिला विचारलं होतं, तू खरंच गेली होतीस का गं शोधायला? छे, सगळं मनचं आहे, असं म्हणून ती आंघोळीला पळाली. मीही मूग गिळून बसले. ती दत्तक आहे हे तिला बोलायला यायच्या आधीपासून सांगितलंय, त्यात लपवाछपवी नाही. तुला वाटलं तर शोध, असंही मोठ्या मनाचा आव आणून म्हटलंय. म्हणायला काय जातं? उचलली जीभ लावली टाळ्याला. खरं सांगायचं तर मला भीती एकच होती. ही जाईल, ती बाई सापडेल, आणि मग माझी पोर माझ्याकडे पाहुणीसारखी यायला लागेल.

तर त्या दुपारी मी डबिंगच्या खोलीत उभी. भिंतींना जाड गालिचे, खिडकी नाही, आणि माइकमध्ये घरघर येते म्हणून एसी बंद. कपडे सुती घालायचे, कारण बाकीचे सळसळतात. चपला बाहेर काढायच्या. पोट रिकामं ठेवायचं नाही, गुरगुरलं की तेही माइकमध्ये जातं. इतकी वर्षं हे करून आता कंटाळा आलाय. पाय दुखतात, आणि कुठल्याही बाईच्या दुःखाकडे बघून मला आधी तिचे ओठ दिसतात. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसतो. तानसेन नाही तर कानसेन, म्हणून सगळे त्याला कानसेनच म्हणतात. पोरगी त्याच्या शेजारी होती, पण पोस्टरवाल्याचा फोन आला म्हणून बाहेर गेली. कानसेन म्हणाला, तोवर दाराचा सीन ऐकून घ्या ताई.

शूटिंगच्या वेळी सेटवर जो आवाज टिपला जातो त्याला आम्ही पायलट म्हणतो. तो कच्चा असतो, सिनेमात राहत नाही, पण डबिंग करताना तोच कानात ऐकून आम्ही आपला आवाज ओठांवर बसवतो. एरवी त्यातलं वायफळ बोलणं कापून मग आमच्याकडे येतं. या वेळी घाईत कुणी कापलंच नव्हतं.

पडद्यावर मुलगी कुंडीतलं एक झाड घेऊन दारात उभी. दार अर्धं उघडतं. बाई तिच्याकडे बघत राहते. आतून पुरुषाचा आवाज येतो, कोण आहे गं? बाई मान वळवून आत सांगते, "कुणी नाही." दार बंद. मुलगी वळते, पाय अडखळतो, कुंडी जिन्यावरून घरंगळत जाते आणि प्रत्येक मजल्यावरचे शेजारी दार उघडून बघतात. इथे लोक पोट धरून हसणार, असं पोरीने मला सांगितलं होतं.

नटीने ओळ म्हटली, आणि माझ्या कानात पोरीचा आवाज आला. सेटवरचा, दमलेला. "नाही, रागाने नको. ती रागावली नव्हती. अगदी हळू म्हणाली. आणि आत बघून नाही, माझ्याकडेच बघत म्हणाली. म्हणजे, हिच्याकडे." मग थोडी खरखर, आणि पुन्हा तीच. "जाऊ दे. मान वळवूनच म्हणा. डोळ्यांत बघून म्हणणं मलासुद्धा जमलं नसतं."

मी कानसेनकडे पाहिलं. त्यानेही ऐकलं होतं, आणि आता तो उगाच बटणं पुसत होता. पुढचं काढून टाकू का, त्याने विचारलं. मी म्हटलं, पुन्हा लाव. त्याने पुन्हा लावलं. मी पुन्हा ऐकलं.

आधी राग आला तो त्या बाईचा. कुणी नाही? माझ्या पोरीला कुणी नाही म्हणतेस? अगं मेले, तापात रात्ररात्र छातीवर घेऊन बसलेय मी तिला. मग राग आला पोरीचा, आणि तो जास्त होता. एकटी गेली. दारातून परत आली. आणि घरी येऊन माझ्यासमोर जेवायला बसली असेल, मी भाजीत मीठ कमी झालं का विचारलं असेल.

पोरगी आत आली, खुर्ची ओढून बसली आणि काचेपलीकडून मला अंगठा दाखवला. रेकॉर्डिंग सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. बाईने मान वळवली. पाठमोरी झाली की ओठ दिसत नाहीत, तिथे काहीही बसतं, हे आमच्या धंद्यात कुणालाही माहीत असतं. आतून विचारलं, कोण आहे गं? मी म्हटलं, "माझी मुलगी आहे."

मग पोरीचा आवाज कानात आला.

"आई, ती असं म्हणाली नव्हती."

"माहितेय. तुझ्या पायलटने सांगितलं मला."

तिने कानसेनकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली, आणि चहा सांगून येतो म्हणत उठून गेला. देवमाणूस. मग आम्ही दोघी काचेच्या दोन बाजूंनी भांडलो. मी विचारलं, कधी गेली होतीस? गेल्या उन्हाळ्यात, म्हणाली. कुंडी? तीही खरी, फक्त घरंगळली नाही, परत घेऊन आले. म्हणजे गॅलरीतलं ते झाड, ज्याला मी रोज पाणी घालते आणि ज्याच्या पानांचं येणाऱ्याजाणाऱ्याजवळ कौतुक करते. कपाळ माझं.

"मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुला वाटलं असतं, तू मला पुरत नाहीस."

"वाटलं असतं. मग? तेवढ्याने मेले असते का मी? खाली रस्त्यावर उभी राहिले असते. परत आलीस की कुणीतरी असतं."

ती रडायला लागली. मीही. माझं रडणं माइकमध्ये चाललं होतं, आणि तिला ते हेडफोनमध्ये अगदी जवळून ऐकू येत असणार. मग नाक पुसून ती म्हणाली की विनोदी सिनेमा तिने मुद्दाम केला, कारण तसाच सांगितला तर आपल्याला झेपणार नाही हे तिला ठाऊक होतं. आणि 'कुणी नाही' या दोन शब्दांसाठी तिने पाच बायकांचे आवाज ऐकले होते. कुणी चिडून म्हणायची, कुणी उगाच हुंदका काढायची. त्या बाईच्या मनात तेव्हा काय होतं तेच तिला कळत नव्हतं. "तू म्हटलंस तर कळेल, असं वाटलं," ती म्हणाली.

कानसेन चहा घेऊन आला. चहा प्यायलो. मग मी म्हटलं, दिवा लाव.

आता कामाचं सांगते. दुसऱ्या बाईचा आवाज काढायचा तर तिच्या जागी उभं राहावं लागतं, मग ती आवडो न आवडो. मी त्या दारात उभी राहिले. समोर माझंच नाक घेऊन आलेली पोर. मागे घर, त्या घराला काहीही माहीत नाही, आणि तिथून प्रश्न येतोय. छातीत श्वास अडकला तो अडकलाच. मग जेवढा सुटला तेवढ्यावर मी म्हटलं, "कुणी नाही."

लाल दिवा विझला.

"अशीच," पोरगी म्हणाली. "आई, अगदी अशीच म्हणाली होती ती." मग तिने विचारलं, "ती मनापासून म्हणाली का गं?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. ती पुन्हा त्या दाराकडे फिरकली नसती. माझी भीती कायमची गेली असती, आणि कुणाला काही कळलंही नसतं. 'हो' अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "घाबरून म्हणाली. ते तुला नव्हतं गं, आतल्याला होतं."

ती काचेला नाक लावून उभी राहिली, लहानपणी दुकानाच्या काचेला लावायची तशी. "मग पुन्हा जाऊ?"

या वेळी आवाज माझाच होता, कुणाच्या ओठांवर बसवायचा नव्हता.

"जा," मी म्हटलं. "दुपारची जा. तो घरी नसेल अशा वेळी."