गळ्यावरचा तळहात

पुण्याच्या दवाखान्यात छकुली झोपत नव्हती, आणि ती झोपल्याशिवाय कान तपासायचं मशीन लावता येणार नव्हतं.

"अजून नाही का?" सिस्टरनं दार किलकिलं करून विचारलं. "औषध देऊन पाऊण तास झाला. रात्रभर जागी ठेवा म्हणून फोनवर बजावलं होतं ना तुम्हाला?"

"ठेवली ना, मॅडम," गोकुळ खुर्चीतून उठून उभा राहिला. "सुलतानपुरातून गाडीत बसलो तं जालन्यापर्यंत म्या जागोली. फुडं हिच्या मायनं. डोळा लागला का पान्याचा हात फिरवत होतो तोंडावरून."

"मी बी जागीच व्हती!" चार वर्षांची करिष्मा मधेच म्हणाली. "म्या समदे टोलनाके पाह्यले. बाबाच झोपले व्हते. घोरत व्हते."

सिस्टरला हसू आलं. "हिचीच टेस्ट करायला हवी होती. बरं, दहा मिनिटं बघते. बाहेर रांग आहे."

मंजुश्रीला उपाय माहीत होता, पण परक्या ठिकाणी तिला संकोच वाटत होता. शेवटी तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला, छकुलीला मांडीवर आडवी केली आणि तिचा उजवा तळहात आपल्या गळ्यावर ठेवला. मग हळू आवाजात तिनं कमळजा मातेची आरती सुरू केली. लोणारच्या तळ्याकाठची ही देवी तिच्या माहेरचं कुलदैवत.

"ऐकू येत नाही म्हणता, आणि गाणं म्हणता?" सिस्टरनं विचारलं.

"कानानं नाही आयकत, मॅडम," गोकुळ म्हणाला. "हातानं आयकते."

तिसऱ्या कडव्याला छकुलीच्या पापण्या मिटल्या. तळहात मात्र गळ्यावरून हटला नाही. मंजुश्रीनं तो बोटाबोटानं सोडवला आणि लेकीला उचलून आतल्या पलंगावर ठेवलं.

कपाळाला आणि कानामागं वायरी चिकटवायच्या होत्या. सिस्टरनं केस बाजूला केले आणि ती थबकली. "अगं बाई! सात वर्षांची पोर आणि कमरेखाली केस! कधी कात्रीच लावली नाही का?"

"जावळ हाय ते," मंजुश्री खाली बघत म्हणाली. "ठेवलेलं हाय."

"ताई मायले 'माय' म्हनंन ना, तवा कापनार हायेत," करिष्मानं पुरवणी जोडली. "मंग देवीले देनार. माह्ये कवाच कापले. मी लय बोलते म्हनून."

दार लागलं. बाहेर लाल दिवा पेटला.

बाकावर दोघं नवराबायको शेजारी बसली, मधे करिष्मा. गोकुळचा सुलतानपुरात मंडपाचा आणि लाऊडस्पीकरचा धंदा. पाच-पंचवीस खेड्यांत लग्न असलं की त्याचेच भोंगे वाजायचे. छकुली वर्षाची असताना एका लग्नात मंजुश्रीनं तिला मांडवाच्या कोपऱ्यात सतरंजीवर झोपवलं होतं. स्पीकरचा मोठा खोका तिथंच, हाताच्या अंतरावर. बँडवाल्यांनी अचानक सुरुवात केली, म्हातारी माणसं दचकली, दावणीचे बैल उधळले. पोर झोपेत हसत होती. बायका म्हणाल्या, बापाचा धंदाच हा, सवय झाली असंल लेकराले. मंजुश्रीही तसंच म्हणाली. त्या रात्री तिनं लेकीच्या कानाशी ताट वाजवून पाहिलं. मग परात. मग ती देवघरापुढं जाऊन बसली.

छकुली अडीच वर्षांची असताना जवळच्या बीबी गावात कानाच्या डॉक्टरांचं शिबिर भरलं. तिथल्या डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं: पुण्याला न्या, उशीर करू नका. गोकुळनं दोन दिवसांत तारीख घेतली, गाडीची तिकिटं काढली.

आणि मंजुश्री म्हणाली, "मले येता येत नाही."

तिनं देवीला चोवीस पौर्णिमा बोलल्या होत्या. दर पौर्णिमेला अनवाणी विवरात उतरायचं, कमळजेची ओटी भरायची, आणि चोवीस होईपर्यंत एक रात्रसुद्धा घराबाहेर मुक्कामाला राहायचं नाही. देवघरातला दिवा दुसऱ्याच्या हातानं लागला तर नेम मोडला.

"अवं, एका-दोन रातीचा तं प्रश्न हाय," गोकुळ म्हणाला होता. "मी एकटा घेऊन जातो तिले."

"थे माह्याबिगर राहत नाही. रडून रडून जीव देईन." आणि मग, "जुबान देली हाय म्या देवीले. अर्ध्यात मोडलं आन् पोरीले काही झालं तं?"

पोरीला काही झालं तर, या शब्दांपुढं गोकुळचं काही चाललं नाही. तो तिकिटं परत करून आला आणि पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही. एकविसाव्या पौर्णिमेला मंजुश्रीला करिष्माच्या बाळंतपणाची अडचण आली, पायऱ्या उतरता आल्या नाहीत. घरात कुणी काही म्हटलं नव्हतं. तिनंच पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. दुसऱ्या खेपेला तेविसावी पौर्णिमा चुकली, तेव्हाही. पुण्याहून दोनदा फोन आला, तेव्हा ती म्हणाली, आता तं थोड्याच राह्यल्या. शेवटची पौर्णिमा या उन्हाळ्यात झाली. ओटी भरून वर येताना ती प्रत्येक वळणावर थांबून छकुलीच्या तोंडाकडं बघत होती. वर रस्त्याला लागेपर्यंत बघत होती. मग घरी येऊन तिनंच म्हटलं, "चाला पुन्याले."

लाल दिवा विझला.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी कागदावरच्या रेघा पाहिल्या. मग बीबीच्या शिबिराचा तो जुना कागद उघडला. घड्यांवर चिकटपट्टी लावून मंजुश्रीनं तो देवघरात पोथीखाली जपून ठेवला होता. त्याला हळदीकुंकवाचे डाग होते.

"दोन्ही कानांची नस प्रतिसाद देत नाही," त्या म्हणाल्या. "बाहेरून लावायच्या मशीनचा उपयोग नाही. ऑपरेशन करून आत यंत्र बसवता येतं, पण ते लहानपणी. आता बसवलं तर आवाज पोचेल कदाचित. त्या आवाजाचा अर्थ लावायला मेंदू शिकतो, ते वय हिचं निघून गेलं. तुम्हाला खोटी आशा दाखवून मी तिच्या डोक्याला चिरा देणार नाही."

गोकुळनं मान हलवली, जणू एखाद्या गिऱ्हाईकानं तारीख बदलल्याचं सांगितलं.

"हा कागद साडेचार वर्षांपूर्वीचा आहे." डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "उशीर करू नका असं स्वच्छ लिहिलंय. इतके दिवस काय करत होतात?"

मंजुश्रीनं तोंड उघडलं. घशात शब्द जमा होईपर्यंत गोकुळ बोलून गेला.

"माह्यी चूक झाली, मॅडम. मंडपाचा धंदा हाय माह्या. सीजनमधी सवड भेटली नाही. आज नेऊ, उद्या नेऊ करता करता राहून गेलं."

"लग्नं दर वर्षी होतात. मुलीचं हे वय परत येणार होतं का?"

"नाही, मॅडम."

"आईनं तरी बोलायचं!"

"थे लय म्हनत होती," गोकुळ म्हणाला. "म्याच आयकलं नाही."

मंजुश्री टेबलाच्या कडेकडं बघत राहिली. डॉक्टरीणबाई निवळल्या. त्यांनी एका चिठ्ठीवर मूकबधिर मुलांच्या शाळेबद्दल लिहिलं, खुणांची भाषा शिकवा म्हणाल्या, झोपेतून उठून बसलेल्या छकुलीच्या गालाला हात लावला. छकुलीनं तो हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

बाहेर आल्यावर मंजुश्री म्हणाली, "अवो, तुमी काऊन असं—"

"चाल," गोकुळ म्हणाला. "पोरीयले भूक लागली असंन."

गाडी दुपारची होती. मधला वेळ काढायचा होता आणि करिष्मा वचन विसरली नव्हती. "पुन्याले हत्ती दाखोतो म्हने. कोठी हाय हत्ती?" वाटेत तिची तोंडाची टकळी चालूच. "बाबा, ह्या घरावर एवढे घरं कोनं ठेवले?" डोक्यावरच्या पुलावरून मेट्रो गेली तेव्हा ती ओरडली, "आगगाडी पुलावर चढली!" छकुलीनं मेट्रो पाहिली नाही. पुलाच्या खांबाला तिनं दोन्ही तळहात लावले होते, आणि गाडी गेल्यावर तिनं वळून आईकडं पाहून हात हलवला: ये, तू पण लाव. स्पीकरच्या खोक्यांना ती अशीच बिलगायची.

रस्ता ओलांडताना ती दोन पावलं पुढं गेली. मागून मोटारीनं हॉर्न वाजवला, मग सलग वाजवत राहिली. अख्खा चौक वळून बघत होता. छकुली फुगेवाल्याकडं बघत होती. गोकुळनं झेप घेऊन तिच्या दंडाला धरून मागं ओढलं. मोटारवाला काच खाली करून म्हणाला, "बहिरी आहे का?" आणि निघून गेला. त्याला उत्तर ऐकायचं नव्हतं.

जवळच एक लहानशी बाग सापडली. तिथं सिमेंटचा हत्ती होता, पोटातून वर चढायचं आणि सोंडेवरून घसरायचं. करिष्माला तो खऱ्या हत्तीपेक्षा बरा वाटला. "हा चावत बी नाही!" छकुली वर चढली आणि हत्तीच्या माथ्यावर गाल टेकून बसली. सिमेंट उन्हानं तापलं होतं. मागं पोरांची रांग लागली.

"ए, सरक ना! ए वेणीवाली!"

छकुली हलली नाही. बाकावरून एक बाई उठून आली. चांगल्या घरची, आवाजात राग कमी, घाई जास्त. "बाळा, बाकीच्यांनाही खेळू दे की. ऐकू येत नाही का तुला?" मग मंजुश्रीकडं वळून, "तुमची का हो? ऐकत नाही वाटतं."

इतकी वर्षं या प्रश्नाला मंजुश्रीचं उत्तर ठरलेलं होतं. शेजारीण विचारो, अंगणवाडीताई विचारो, ती म्हणायची, अजून आयकत नाही. अजून बोलत नाही.

"हाव," ती म्हणाली. "नाही आयकत."

या वेळी पहिला शब्द गळाला होता. ते तिचं तिलाच कळलं, आणि गोकुळलाही. त्यानं केळी सोलता सोलता हात थांबवला. बाई "अरेरे" म्हणाली आणि आपल्या मुलाला थोडं बाजूला घेऊन गेली.

गाडीत खिडकीशी गोकुळ बसला, त्याच्या मांडीवर करिष्मा झोपून गेली. रात्रभरचं जागरण आता तिला भोवलं होतं. मंजुश्रीच्या मांडीवर छकुली. सकाळी तेल लावून घातलेल्या वेण्या वायरींच्या चिकटपणानं विस्कटल्या होत्या. मंजुश्रीनं त्या सोडल्या, फणी नव्हती म्हणून बोटांनी केस विंचरले, वेण्या पुन्हा घातल्या. केस हाताला जड लागत होते. ज्या दिवसासाठी ते वाढवले तो दिवस नव्हता, आणि ते उतरवायला दुसरा कुठला दिवस धरावा हे तिला सुचेना.

ती मनाशी सगळं पुन्हा आठवत होती. चोवीस पौर्णिमा तिनं बोलल्या होत्या, खरं. पण मुक्कामाला जाऊ नको, हे देवीनं कधी मागितलं होतं? कौलात आलं नव्हतं, स्वप्नात आलं नव्हतं. कमळजा मातेनं एका लेकराच्या आईला दवाखान्याची वाट कशाला अडवली असती? ते कलम मंजुश्रीनं स्वतः घातलं होतं. नवस कठीण असला तर लवकर पावतो, असं तिला वाटलं होतं.

नगर मागं पडलं आणि दिवेलागण झाली. घरी या वेळी ती दिवा लावायची, आरती म्हणायची, आणि मगच दिवसाचं एकमेव जेवण घ्यायची. आरतीशिवाय घास नाही, हा तिचा रोजचा नेम. लग्न झाल्यापासून तो चुकला नव्हता. गोकुळनं पिशवीतून डबा काढून गुडघ्यावर ठेवला. कालची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. झाकण त्यानं उघडलं नाही.

"आरती म्हन," तो हळूच म्हणाला. "सकाळपासून पोटात काही नाही तुह्या."

छकुलीला वेळ कळली होती. खिडकीतला उजेड असा झाला की आईच्या मांडीवर नीट बसायचं, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं अंग सावरलं, आणि तळहात आईच्या गळ्यावर ठेवला.

मंजुश्रीनं डोळे मिटले. आरतीचा पहिला शब्द आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. छकुली वाट बघत राहिली. मग तिनं बोटांनी गळ्यावर दोनदा हलकेच टकटक केलं, बंद दारावर करतात तसं.

"बाई," मंजुश्री म्हणाली. आवाज फक्त गोकुळपर्यंत पोचेल इतका. "तुह्या बापानं तिकिटं काढली व्हती, बाई. मीच नाही निघाली. देवीनं नाही सांगलं. म्याच ठरोलं. म्या पौर्णिमा मोजल्या. तुह्यं वय नाही मोजलं." ती थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच सगळं सांगू लागली. दुसऱ्यांदा आवाज आपोआप एका लयीत आला. रोज ज्या लयीत आरती यायची तीच ती लय. गळ्याला दुसरी माहीत नव्हती.

गोकुळनं खिडकीबाहेर तोंड केलं होतं. डब्यावरचा त्याचा हात तसाच होता.

छकुलीचा चेहरा निवांत झाला. ती मान डोलवत होती. शब्द संपले, गळा थांबला, तेव्हा तिनं तळहात काढून घेतला, रोजच्यासारखे दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, आणि मग उजवा हात उघडून प्रसादासाठी आईपुढं धरला.